रुग्ण एक, बोलणारा दुसरा: पशुवैद्यक व्हायचं ठरवण्याआधी

प्राणी आवडतात म्हणून पशुवैद्यक व्हावंसं वाटणं यात वावगं काहीच नाही. अडचण एवढीच की या पेशात प्राणी तुम्हाला भेटतात ते बहुतेकदा त्यांच्या वाईट दिवशी. घरी मांडीवर येऊन झोपणारं मांजर तपासणीच्या टेबलावर ठेवलं की कान मागे टाकून फिसकारतं. गाय अडलेली असते, घोडा पोटशूळानं जमिनीवर लोळत असतो, कुत्र्याचा पाय मोडलेला असतो आणि त्या पायाला हात लावणाऱ्याला तो चावणार असतो. त्यांच्या लेखी तुम्ही म्हणजे सुई टोचणारा, जबडा उघडून बघणारा, नको तिथे थर्मामीटर घालणारा परका माणूस. माया लावावी आणि लगेच माया मिळावी, असं इथे होत नाही.

या कामाचं खरं वेगळेपण दुसरीकडेच आहे. पशुवैद्यकाच्या दवाखान्यात एकाच वेळी तिघांचे प्रश्न हजर असतात. ज्याला दुखतंय तो बोलत नाही. जो बोलतो आणि पैसे देतो त्याला दुखत नसतं. आणि तिसरा तर तिथे नसतोच: उद्या त्या गाईचं दूध पिणारा, त्या कोंबडीचं अंडं खाणारा, त्या कुत्र्याच्या आसपास खेळणारं शेजारचं मूल. पशुवैद्यकाला तिघांचंही बघावं लागतं, आणि तिघांचं भलं दर वेळी एकाच गोष्टीत असेल असं नाही. हे ओझं पेलायला आवडेल का, हा प्रश्न ‘प्राणी आवडतात का’ यापेक्षा जास्त कामाचा आहे, असं माझं मत.

समोर कोण आहे?

माणसांचे डॉक्टर आयुष्यभर एकाच जातीच्या प्राण्याला तपासतात. पशुवैद्यकापुढे सकाळी तळहातावर मावणारा पक्षी येतो आणि दुपारी पाचशे किलोचा घोडा. फरक नुसत्या आकाराचा असता तर वजनाच्या हिशोबानं औषध कमीजास्त केलं की भागलं असतं. पण आतली यंत्रणाच वेगळी असते.

गाय घ्या. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला कप्पा, म्हणजे कोठीपोट, मोठ्या गाईत शंभर-दीडशे लिटरचा असू शकतो. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवत असतात, त्यातून सतत वायू तयार होतो आणि गाय तो ढेकरांवाटे सतत बाहेर टाकत असते. तिला पूर्ण भूल देऊन आडवी केली की ढेकर थांबतात, पोट फुगतं, फुप्फुसांवर दाब येतो, वर पोटातलं पाणी उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती. म्हणून गाईच्या पोटावरच्या कित्येक शस्त्रक्रिया, अगदी सिझेरियनसुद्धा, ती उभी असतानाच करतात. कुशीत तेवढ्या जागेपुरती भूल द्यायची आणि काम सुरू करायचं. गाय जागी, शुद्धीवर, आणि डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत तिच्या पोटात.

घोडाही गवतच खातो, पण त्याचं जठर एकच आणि लहान. चारा आंबवण्याचं काम त्याच्या मोठ्या आतड्यात होतं. त्यात भर म्हणजे घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की पोटात गेलेलं वर येतच नाही. म्हणून पोटशूळ झालेल्या घोड्याच्या नाकातून नळी घालून जठरातला दाब मोकळा करणं हे पहिल्या कामांपैकी एक. ते राहिलं तर जठर फुटू शकतं.

औषधांचं तर विचारूच नका. झायलाझीन नावाचं गुंगीचं औषध गाय आणि घोडा दोघांनाही देतात, पण गाईला घोड्याच्या साधारण एक दशांश मात्रा पुरते. पॅरासिटामॉलची एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करून शरीराबाहेर टाकणारी यकृतातली प्रक्रिया मांजरात फारच दुबळी असते. मग त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते आणि हिरड्या तपकिरी पडतात. ताप आलाय म्हणून मायेनं दिलेली गोळी घात करते ती अशी. सशाला पेनिसिलिन गटातलं औषध तोंडावाटे दिलं तर त्याच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंची घडी विसकटते आणि तो दगावू शकतो. एकाच जातीतसुद्धा फरक असतात: कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एका जनुकात बिघाड असतो, त्यामुळे आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध जास्त मात्रेत दिलं तर ते थेट मेंदूत शिरतं. आणि पक्ष्याला मुठीत घट्ट धरलं तर तो गुदमरतो, कारण त्याला श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा, नसतं. श्वास घ्यायला त्याची छाती पुढे-मागे हलावीच लागते.

ही यादी पाठ करून कुणी पशुवैद्यक होत नाही, ती संपणारीही नाही. महाविद्यालयात साधारण कुत्रा, गाय, घोडा असे काही प्राणी मुळापासून शिकवतात आणि बाकीचे त्यांच्याशी ताडून. पाच-सहा वर्षांत अंगी बाणायला हवी ती एक सवय. रोग ओळखला, औषध आठवलं, तरी सुई भरण्याआधी थांबून स्वतःला विचारायचं: समोर कोण आहे? ज्यांना शरीरशास्त्रातल्या अशा तुलनेतच रस वाटतो, त्यांना या अभ्यासात मजा येते. ज्यांना फक्त कुत्री हवी असतात, त्यांना गाईच्या गर्भाशयाची परीक्षा शिक्षा वाटते. ती चुकवता मात्र येत नाही.

दुखणं लपवणारे रुग्ण

न बोलणारे रुग्ण तर बालरोगतज्ज्ञांकडेही येतात, असं म्हटलं जातं. ही तुलना अर्धीच खरी आहे. बाळ रडून आपलं दुखणं जाहीर करतं. ज्यांची शिकार होते असे प्राणी दुखणं लपवतात, कारण कळपात जो दुबळा दिसतो तोच आधी मारला जातो. ससा, मेंढी, पक्षी हे शेवटपर्यंत ठीक असल्यासारखे वागतात. मांजर स्वतः शिकारी असूनही याबाबतीत त्यांच्याच पंगतीला बसतं. ‘आज जरा गप्प आहे’ म्हणून आणलेल्या सशानं कालपासून काही खाल्लेलं नसतं, आणि सशाची आतडी एवढा वेळ रिकामी राहणं म्हणजे तातडीचं प्रकरण.

माहिती मिळते ती मालकाकडून. ती खरी असते, पण तिचा अर्थ त्यांनी लावून ठेवलेला असतो. एक नेहमीचं उदाहरण सांगतो. बोका सारखा शी करायच्या जागी जाऊन बसतोय, कुंथतोय, काहीच होत नाही; घरचे म्हणतात, पोट साफ होत नाहीये, काहीतरी पातळ औषध द्या. हात पोटावर ठेवला की टणक, तट्ट फुगलेलं मूत्राशय लागतं. लघवीची वाट बंद झालेली असते. रक्तात पोटॅशियम साठत जातं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत बोका मरू शकतो. मालक खोटं बोलत नव्हते. जे दिसलं ते त्यांनी बरोबर सांगितलं, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावला. ऐकायचं सगळं, विश्वास ठेवायचा हातावर.

याच कामात निखळ आनंदाचे प्रसंगही आहेत, आणि ते न सांगणं अन्यायाचं होईल. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यानंतर एक-दोन दिवसांत अचानक बसते, उठत नाही. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार, डोळे निस्तेज. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. झालेलं असतं असं की दूध तयार करायला कॅल्शियम भराभर खेचलं गेलं आणि रक्तातली पातळी इतकी खाली आली की स्नायूंचं कामच बंद पडलं. याला दुग्धज्वर म्हणतात. शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू सोडायची, कान सतत तिच्या हृदयाच्या ठोक्यांकडे ठेवायचा, कारण घाई केली तर तेच कॅल्शियम हृदय थांबवू शकतं. बाटली संपत आली की गाईच्या अंगावर थरथर येते, ती ढेकर देते, शेण टाकते, आणि पुष्कळदा तासाभरात उठून उभी राहते. इतका झटपट आणि इतका दिसणारा परिणाम वैद्यकशास्त्रात कमीच ठिकाणी मिळतो.

उलटंही घडतं. गाय चारा निवडून खात नाही, त्यातली तार किंवा खिळा सरळ गिळते. तो जाऊन बसतो दुसऱ्या कप्प्यात, आणि हा कप्पा हृदयापासून हातभरही लांब नसतो. पोट आकुंचन पावताना तार पुढे सरकते, पडदा भेदते, हृदयाभोवती पू होतो. तोपर्यंत गाय थोडी मंद झाली होती, दूध थोडं उतरलं होतं, एवढंच दिसलेलं असतं. अशा वेळी रोग नेमका ओळखूनही करण्यासारखं फार काही उरत नाही. रोग होण्याआधीच पोटातली तार पकडून ठेवावी म्हणून कित्येक गोठ्यांत गाईंना लोहचुंबक गिळायला देतात. तो आयुष्यभर त्या कप्प्यात पडून राहतो.

पैसे देणारा आणि त्याचा आकडा

प्रवेश घेताना ज्याचा विचार कुणीच करत नाही, पण पदवीनंतर पहिल्याच आठवड्यात जे समोर उभं राहतं, ते म्हणजे बिल. माणसांच्या उपचारांत सरकार, विमा, नातेवाईक असे बरेच जण हात लावतात. जनावरांच्या बाबतीत जगात बहुतेक ठिकाणी सगळा खर्च मालकाच्या खिशातून होतो. स्वीडनसारख्या, पाळीव प्राण्यांचा विमा रुळलेल्या देशांत चित्र निराळं आहे, पण ते अपवादच.

त्यामुळे उपचार असतो, करता येतो, करणारा हजर असतो, आणि तरी होत नाही. कुत्र्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला आहे. सगळ्यात उत्तम म्हणजे हाडाचा कोन बदलणारी शस्त्रक्रिया. त्याखाली तुलनेनं साधी शस्त्रक्रिया. त्याखाली वजन कमी करणं, बांधून फिरवणं, वेदनाशामक देणं. तिन्ही मार्ग खरे आहेत, फळ वेगवेगळं आहे. महाविद्यालयातल्या रुग्णालयात शक्यतो पहिला शिकवला जातो. बाहेर आल्यावर तीनही मार्ग, त्यांचे धोके आणि खर्च, समोरच्याला लाज न वाटेल अशा रीतीनं सांगता येणं हेच कौशल्य ठरतं. ‘तुमचं कुत्र्यावर प्रेम असेल तर कराल’ हे वाक्य कधीच उच्चारू नये. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं प्रेम कमी असतं असं नाही.

गोठ्यात हा हिशोब आणखी रोकडा असतो. जनावराची किंमत, त्याचं उरलेलं उत्पादन आणि उपचाराचा खर्च यांची वजाबाकी मालक तुमच्यासमोरच करतो. कोंबड्यांच्या शेडमध्ये तर एकेका पक्ष्याचा उपचार ही कल्पनाच नसते. तिथला डॉक्टर मेलेल्या चार कोंबड्या चिरून बघतो, काय झालंय ते ठरवतो आणि हजारो पक्ष्यांना पिण्याच्या पाण्यातून औषध देतो किंवा लसीकरणाचं वेळापत्रक बदलतो. रुग्ण म्हणजे पूर्ण कळप. काहींना हे निर्दय वाटतं. मला त्यात वेगळ्या जातीची हुशारी दिसते: हवा, पाणी, खाद्य, दाटी यातलं नेमकं काय बिघडलं हे शोधणं म्हणजे जवळपास गुप्तहेराचं काम.

शेवटचं इंजेक्शन

दयामरण हा विषय टाळून या पेशाबद्दल बोलता येत नाही. बरं न होणाऱ्या, वेदनेत असलेल्या प्राण्याला शांतपणे मृत्यू देण्याचा अधिकार बऱ्याच देशांत पशुवैद्यकाला असतो. पद्धत साधी आहे: गरज असेल तर आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाची, बहुधा पेंटोबार्बिटलची, मोठी मात्रा शिरेतून. प्राणी आधी बेशुद्ध होतो, मग श्वास थांबतो, मग हृदय. नीट केलं तर सगळं काही मिनिटांत, वेदनेशिवाय संपतं.

जड असतं ते आधीचं आणि नंतरचं. मालक विचारतात, ‘डॉक्टर, तुमचा असता तर तुम्ही काय केलं असतं?’ याला पुस्तकात उत्तर नाही. कधी मालक सोडायला तयार नसतात आणि प्राणी रोज हाल काढत असतो. कधी प्राणी बरा होण्यासारखा असतो, पण पैसे नसतात. या दुसऱ्या प्रकारात मनाला सगळ्यात जास्त टोचणी लागते, कारण योग्य काय ते माहीत असून ते करता येत नाही. आणि दयामरणाची खोली आवरून पाच मिनिटांत शेजारच्या खोलीत नव्या पिल्लाच्या पहिल्या लसीसाठी हसऱ्या चेहऱ्यानं जायचं असतं.

याची किंमत मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९७९ ते २०१५ या काळातले पशुवैद्यकांचे मृत्यू तपासले. सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना करता आत्महत्येनं मरण्याचं प्रमाण पुरुष पशुवैद्यकांत सुमारे २.१ पट आणि स्त्री पशुवैद्यकांत सुमारे ३.५ पट निघालं. यामागे एकच कारण नाही. लांबलेले कामाचे तास, शिक्षणाचं कर्ज, मालकांचा राग, एकट्यानं काम करणं आणि जीवघेणी औषधं हाताशी असणं, सगळंच त्यात येतं. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण नोकरी निवडताना रात्रीची पाळी कुणाकडे, अवघड प्रसंगानंतर बोलायला वरिष्ठ कोण, सुट्टी खरंच मिळते का, हे प्रश्न पगाराच्या आधी विचारावेत. आणि मन खचायला लागलं तर मदत मागण्यात कमीपणा नाही. काही देशांतल्या पशुवैद्यक संघटना त्यासाठी स्वतंत्र मदतवाहिन्या चालवतात.

जो तिथे नसतो त्याच्यासाठी

पशुवैद्यकीय शिक्षणाची सुरुवातच मुळी घरातल्या लाडक्या प्राण्यांसाठी झाली नाही. पहिलं पशुवैद्यकीय विद्यालय फ्रान्समधल्या लियाँ शहरात १७६१ मध्ये मंजूर झालं. ते काढणारा क्लोद बुर्जेला हा घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख होता, आणि त्या काळी युरोपभर बुळकांडी रोगानं गुरं मरत होती. गुरं मेली की शेती बसते, माणसं उपाशी मरतात. चांगली लस, नेटकी पाहणी आणि देशोदेशींचं सहकार्य यांच्या जोरावर हाच बुळकांडी रोग २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर पूर्ण नष्ट झालेला हा दुसराच रोग. ज्या लसीनं हे साधलं ती बनवण्यात वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्यकाचा मोठा वाटा होता.

माणसांना होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे ६० टक्के रोगांचं मूळ प्राण्यांशी जोडलेलं आहे. रेबीज हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. दर वर्षी जगात अंदाजे ५९,००० माणसं रेबीजनं मरतात आणि जवळपास सगळ्यांना तो कुत्र्याच्या चाव्यातून झालेला असतो. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली तर साखळी तुटते. म्हणजे रेबीजपासून माणसं वाचवण्याचा भरवशाचा रस्ता कुत्र्यांच्या लसीकरणातून जातो. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कावळे पटापट मरायला लागले आणि त्याच सुमाराला माणसांमध्ये मेंदूज्वर दिसू लागला. दोन्हींचा संबंध असावा असं ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांनी ठामपणे मांडलं. तो निघाला वेस्ट नाईल विषाणू, अमेरिका खंडात पहिल्यांदाच आलेला. आणि क्षयावरच्या बीसीजी लशीतला ‘जी’ म्हणजे कामी गेराँ, हेसुद्धा पशुवैद्यकच. (हवा भरलेला टायर व्यवहारात आणणारा जॉन डनलॉपही याच पेशातला, त्याचा विषयाशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

तिसऱ्याचा विचार सुटला की काय होतं, याचं मोठं उदाहरण डायक्लोफेनॅकचं. दक्षिण आशियात गुरांची सूज आणि वेदना यांवर हे स्वस्त औषध सर्रास टोचलं जायचं. गुरांना त्यानं बरंच वाटे. पण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. १९९०च्या दशकापासून पुढच्या काही वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडलं ते २००४ मध्ये. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळनं गुरांसाठी या औषधावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय पुढे आला. इंजेक्शन देणाऱ्या कुठल्याच डॉक्टरनं गिधाडाचा विचार केलेला नव्हता, आणि तेव्हा तो सुचण्यासारखाही नव्हता.

रोजच्या कामात हे लहान प्रमाणात चालूच असतं. कासदाह, म्हणजे कासेला सूज, झालेल्या गाईला प्रतिजैविक दिलं की ठरलेले दिवस तिचं दूध विकायचं नसतं. मालकाला ते नुकसान नको असतं, पिणाऱ्याला दुधातलं औषध नको असतं, आणि मधे उभे असता तुम्ही. ‘उगाच एक अँटिबायोटिक देऊन ठेवा’ असं म्हणणाऱ्याला नाही म्हणावं लागतं, कारण औषधांना न जुमानणारे जिवाणू गोठा आणि घर असा भेद करत नाहीत. एखाद्या कळपात लाळ्या खुरकूत हा गुरांचा झपाट्यानं पसरणारा रोग दिसला तर सरकारला कळवणं बऱ्याच देशांत कायद्यानं बंधनकारक असतं, मालकानं गप्प राहायला कितीही विनवलं तरी.

अभ्यास, अंगमेहनत आणि दवाखान्याबाहेरची वाट

शिक्षणाचा आराखडा देशागणिक बदलतो. पुष्कळ ठिकाणी शालेय शिक्षणानंतर थेट पाच ते सहा वर्षं, अमेरिकेत आधी महाविद्यालयीन शिक्षण आणि मग चार वर्षं. जागा कमी, स्पर्धा तगडी. एक गोष्ट मात्र बऱ्याच विद्यार्थ्यांना आत गेल्यावरच कळते: मांसाची तपासणी हा अभ्यासाचा भाग असतो आणि त्यासाठी कत्तलखान्यात जावं लागतं. ज्यांना ते बिलकूल झेपणार नाही त्यांनी आधीच चौकशी केलेली बरी.

अंगानं हे काम जड आहे. लाथ, शिंग, चावा हे यायचंच. ब्रुसेला या जिवाणूमुळे गाई गाभडतात, म्हणजे त्यांचा गर्भपात होतो; त्याची जिवंत लस टोचताना सुई स्वतःलाच लागली तर डॉक्टरला तो आजार होऊ शकतो. गाभडलेल्या गाईची वार (गर्भाभोवतीची पिशवी) हातमोज्यांशिवाय काढणं म्हणजे आजाराला आमंत्रणच. रेबीजची लस तर शिकायला लागतानाच घ्यावी. पण ताकदीबद्दल एक गैरसमज आहे. गाईला कुणीच माणूस बळानं हलवू शकत नाही. खोडा, दोर, योग्य भूल आणि योग्य वेळ यांनी काम होतं. आडव्या आलेल्या वासराला ओढण्यापेक्षा आधी आत ढकलून, पाय सरळ करून मग बाहेर काढायचं असतं. अमेरिका-ब्रिटनसारख्या देशांत आज निम्म्याहून जास्त पशुवैद्यक स्त्रिया आहेत आणि गाई आधीसारख्याच वितात.

पदवीनंतर दवाखाना काढलाच पाहिजे असंही नाही. अन्नसुरक्षा, लसनिर्मिती, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल, वन्यजीव, रोगनिदान, औषधकंपन्या, सैन्यातली श्वानपथकं, संशोधन अशा पुष्कळ जागा आहेत. पीटर डोहर्टी हे मूळचे पशुवैद्यक. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूनं बाधित पेशी कशी ओळखते या शोधासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. वन्यजीवांची वाट सगळ्यांना मोह पाडते, पण तिथे जागा फार थोड्या असतात. केवळ तेवढ्यासाठी ही पदवी घेऊ नये, असं मी तरी सांगेन.

ठरवण्याआधी काय बघावं

एखाद्या पशुवैद्यकासोबत काही दिवस उभं राहायची परवानगी मागा, आणि शक्य झालं तर एक शहरी दवाखाना आणि एक गुरांचं काम, दोन्ही बघा. शस्त्रक्रियेपेक्षा इतर गोष्टींकडे लक्ष द्या. डॉक्टर फोनवर किती वेळ असतात, नोंदी कधी लिहितात, मालकाला खर्च कसा सांगतात, ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलतात. रक्त बघून चक्कर येते का याची फार काळजी करू नका. ती सवयीनं जाते. वासाचंही तसंच. अंदाजावर निर्णय घेऊन रात्री झोप लागते का, हे मात्र सवयीनं फारसं बदलत नाही, कारण इथे तपासण्या नेहमीच परवडतात असं नाही आणि संपूर्ण खात्री क्वचितच मिळते. जमलं तर एक शवविच्छेदनही बघा. ‘का मेलं?’ या प्रश्नाचं उत्तर शोधताना ज्यांची उत्सुकता भीतीवर मात करते, त्यांना हा अभ्यास जड जात नाही. नव्यानं पदवी मिळवलेल्या दोघा-तिघांना गाठून शिक्षणासाठी किती कर्ज काढलं आणि पहिल्या पगारातून किती फिटतं, हेही स्पष्ट विचारा. उत्तर देशागणिक इतकं बदलतं की दुसरीकडचे आकडे उपयोगाचे नाहीत.

आणि हे सगळं बघून प्राण्यांजवळ राहायचंय पण निर्णयाचा भार नको असं वाटलं, तर त्यासाठी दुसरी कामं आहेत. पशुवैद्यकीय परिचारिका किंवा तंत्रज्ञ भूल सांभाळतात, शिरेत सुई लावतात, दाखल प्राण्यांजवळ डॉक्टरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ असतात. प्राण्यांच्या आहाराचे, वर्तनाचे, पैदाशीचे तज्ज्ञ वेगळे असतात, त्यांचे अभ्यासक्रमही वेगळे आणि बहुधा कमी मुदतीचे. एखाद्या प्राणी-निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून पिंजरे धुण्याचं काम तर प्रवेशपरीक्षेशिवाय उद्यापासूनही मिळू शकतं.